गाठ कुठी गेली?

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान, यांच्याइतका रागीट माणूस वर्धा नदीपासून प्राणहितेपर्यंत दुसरा सापडायचा नाही. चंद्रपुरात त्यांची लॅब आहे आणि माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचा सगळा राग एका शब्दावर आहे: 'साधी'. ताईनं जेवायला साधी खिचडी केलीय असं म्हटलं, की हे ताटावरूनच विचारतात, "कोणी तपासली?" स्नायूत, चरबीत, हाडात उठणारा सार्कोमा नावाचा कर्करोग वरून अगदी निरुपद्रवी गाठीसारखा दिसू शकतो. घाईतला डॉक्टर साधी गाठ म्हणून ती कापतो, बादलीत टाकतो आणि मोकळा होतो. आत काय होतं, ते त्या बादलीला ठाऊक. भाऊजींचं म्हणणं, असल्या डॉक्टरला त्याच बादलीवर बसवून ठेवावं. खरं सांगायचं तर आता मलाही तसंच वाटतं.

हा रोग मला समजावताना त्यांनी माझ्या टेबलावरची भाचीची लग्नपत्रिका आणि एका शेजाऱ्याच्या तेरवीचं पत्र उचललं, दोन्ही मधोमध फाडली आणि एकीचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्याला चिकटवला. मला वाचायला लावलं, तर मजकूर झाला: बँडबाजासह कैलासवासी काकांच्या तेरवीला अगत्य यावे. पेशीतही दोन गुणसूत्रं अशीच तुटतात, चुकीची जुळतात, आणि पेशी बिचारी लिहिलंय तसं वागत वाढत सुटते. ही चुकीची जोडणी सापडली की रोगाचं खरं नाव कळतं. "आधी सुईनं तुकडा, मंग नाव, मंग औषध. चाकू सगळ्यात मागून," असं त्यांनी मला दरडावून सांगितलं, जणू गाठी मीच कापत हिंडतो. पत्रिकेचा पत्ता असलेला भाग ते घेऊन गेले. लग्नाचं कार्यालय आम्हाला विचारत विचारत शोधावं लागलं.

मी जिवतीला शिक्षक आहे. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले आणि आठवडी बाजारात हिंडताना चारोळी विकणाऱ्या एका गोंड मुलीच्या हातावरचा व्रण पाहून जागीच थांबले. वय असेल चौदा-पंधरा. बाप शेजारीच बसला होता.

"गाठ कुठी गेली?" भाऊजींनी विचारलं.

कापली, असं बाप म्हणाला. डॉक्टर म्हणे साधी आहे. तपासायला पाठवली नव्हती. मग काय विचारता. भाऊजींनी भर बाजारात तोंडाचा पट्टा सोडला. आता हातात नुसता व्रण उरलाय, मी तपासू काय, या लेकराला कोणतं औषध द्यायचं ते कोणाला विचारू, असं ते ओरडत होते आणि डोळे पुसत होते. बापानं सगळं ऐकून घेतलं.

"घरी आहे," तो म्हणाला. "मोहाच्या दारूत. पहिल्या धारेची."

नमुना टिकवायच्या फॉर्मॅलिनऐवजी भलत्या कशात आणला म्हणून भाऊजींनी आजवर निम्म्या जिल्ह्याला झापलंय. ती बाटली मात्र त्यांनी मांडीवर धरून चंद्रपूरला नेली. जोडणी शोधायला तुकडा मुंबईच्या लॅबला पाठवला, तर त्यांनी फोन करून विचारलं, तो नेमका कशात ठेवला होता? भाऊजी ओरडले, "स्पिरिटच समजा ना." जोडणी सापडली. कर्करोगच होता, पण आता नाव कळलेला, आणि त्या नावाला औषध होतं. आधी औषधं, मग नीट आखून पुन्हा शस्त्रक्रिया. पोरीचा हात वाचला. हा रोग फुप्फुसात पसरतो, पण तिच्या छातीचे फोटो आजवर स्वच्छ आहेत.

तपासणीला ती दोघं आली तेव्हा मी लॅबमध्येच होतो. तुकडा काऊन ठेवला होता, असं भाऊजींनी बापाला विचारलं.

"पोरीच्या अंगाचा होता जी. डॉक्टरकडून मागून आणला. कचऱ्यात कसा टाकू देऊ?"

भाऊजींना यावर रागवता येईना. त्यांनी चष्मा पुसला आणि पोरीचा हात तपासायला घेतला.

अजूनही बाजारात कोणाच्या अंगावर तसला व्रण दिसला, की ते थांबून विचारतात, गाठ कुठी गेली? आता ओरडत नाहीत. आशेनं समोरच्याच्या तोंडाकडे पाहत राहतात. तो माणूस सहज सांगतो, "फेकली ना."