चिकट पाळणा

कठड्यावर अंगठा टेकवला तर तो चिकटला. सोडवला, तेव्हा लाकडावर ठसा उमटला होता.

"किती कोट दिले याला?" मी विचारलं.

वैशालीने नवऱ्याकडे पाहिलं. राजेश टेम्पोची दोरी गुंडाळत होता. "मोजले नाई, ताई," ती म्हणाली.

अमरावतीत माझं लाकडी फर्निचरच्या फिनिशिंगचं वर्कशॉप आहे. बहुतेकांना चकचकीत पॉलिश हवं असतं. लहान मुलांच्या वस्तूंना मात्र मी साधं तेलच देते, कारण मुलं सगळं तोंडात घालतात. हे दोघं वरूडकडचे, संत्र्याचा बगीचा असलेले. बांधावरचा साग कापून त्यांनी सुताराकडून स्टँडचा पाळणा करून घेतला होता. तेल घरीच लावलं होतं, जवसाचं, घाण्यावरून आणलेलं.

तेल चांगलं होतं, पद्धत चुकली होती. जवसाचं तेल हवेवर सावकाश सुकून घट्ट होतं. म्हणून पहिला कोट थिनर घालून पातळ करायचा. थिनर उडून जातो, तेल लाकडात खोल मुरतं. लाकडाने जे प्यायलं नाही ते पुसून काढायचं. मग नीट वाळेपर्यंत हात लावायचा नाही. इथे घट्ट तेल न पुसता, ओल्यावर ओलं चढवलेलं होतं. वर साय धरलेली, आत चिकट.

"बाळ किती महिन्यांचं?" काम किती घाईचं ते कळावं म्हणून मी विचारलं.

"अजून आलं नाई," राजेश म्हणाला. "दत्तक घेऊन राहिलो आमी. नंबर लावून ठेवला. फोन येईन म्हणतात."

"फोन वाजला अन् दुसऱ्याच कोणाचा निघाला, का घेतलीच मी तेलाची वाटी," वैशाली म्हणाली. "दुसरं काय करू ताई? बाळाचं करायले हातात काईच नोतं."

मी पाळणा ठेवून घेतला. थिनरच्या फडक्याने साय मऊ केली, पात्याने खरवडली, लाकूड उघडं केलं. थिनर संत्र्याच्या सालीपासून काढलेला वापरला. टर्पेंटाइनसारखाच चालतो, वास सुसह्य. मग पातळ कोट दिला.

वैशाली मधूनमधून बघायला यायची. एकदा तिने तेलाची बाटलीच उचलली.

"अजून एक हात मारू काय?"

"नाही."

"थोडासा?"

"फडकं घे आणि पूस."

ती पुसत बसली. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पुसत होती.

शेवटचा कोट बाकी असताना तिचा फोन आला. "ताई, मुलगी हाय!" मग जरा थांबून, "दीड वर्साची."

मी वाळत ठेवलेल्या पाळण्याकडे पाहिलं. दीड वर्षाचं मूल त्यात उभं राहणार, वाकणार आणि पडणार. तसं सरळ सांगितलं. "सुतार कठडे कापून ठेंगणा पलंग करून देईल. आत्ताच ठरव, शेवटच्या कोटच्या आधी."

"नका कापू," ती पटकन म्हणाली. पलीकडे राजेश हळू आवाजात काहीतरी बोलला. मग तीच म्हणाली, "कापा. एक बाजू राहू द्या फक्त. झोपेत पडाले नको."

सुताराने कापल्यावर ताज्या कडांना नव्याने पातळ कोट द्यावे लागले. कापलेलं टोक तेल सगळ्यात जास्त पितं. वाळायला वेळ लागला, तोवर मुलगी घरी आली होती आणि जमिनीवर घातलेल्या गादीवर झोपत होती.

डिलिव्हरीला मी स्वतः वरूडला गेले. पोरगी पलंगावर चढली, उतरली, पुन्हा चढली, आणि दुपारी त्यातच झोपली. वैशाली तिच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.

"पयला दात कवा आला असंन, ताई? रांगली कवा? पयले काय म्हनली? कोणाले इचारू?"

पाय घासतात तिथलं फिनिश आधी जाईल, तेव्हा एक पातळ कोट द्यायचा, एवढं सांगून मी निघाले.

तेव्हापासून कोणी पाळण्याची चौकशी केली की मी आधी मुलाचं वय विचारते. मूल दत्तक यायचं असेल आणि वय ठरलेलं नसेल तर म्हणते, पलंग करा, जास्त वर्षं पुरतो. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि पाळणाच करायला टाकतात.