डोंगराला विचारा!

उंच शिखरावरच्या हवामान केंद्रात आचारीकाकांची उभी हयात गेली. तिथली हवा इतकी विरळ, की पाणी लगेच उकळायचं, पण बटाटा काही केल्या शिजायचा नाही. सकाळी चढवलेला बटाटा संध्याकाळीही दाताखाली करकर वाजायचा. सगळे काकांच्या नावाने बोटं मोडायचे.

"मला काय विचारता? डोंगराला विचारा!" काका खेकसायचे.

निवृत्त होऊन ते खाली लेकीकडे आले. सवयीने पहाटेच बटाटे उकडत ठेवले. दुपारी पातेल्यात नुसती खळ! जावयाने तिच्यात बोट बुडवून बुटाचा सुटलेला सोल चिकटवला, आणि तो चिकटलाही.

दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतः लोण्यासारखे मऊ बटाटे उकडून वाढले. काकांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"हॅ! करकर वाजत नाही, तो कसला बटाटा?"