भुवईवरचा वण

जोडणीकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर उरलं होतं. लोकांच्या घरचे टीव्ही, प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकमेकांना जोडून देण्यात, टीव्हीमागे पालथं पडून केबल शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली. तोंडाने फटकळ माणूस. गिऱ्हाइकाला सुनावत, "तीन डबे, आणि तिघेही अतिशहाणे. प्रत्येक जण चित्र सुधारायला बसतो. मग चेहरे मेणाचे दिसतात आणि ओठ हलायच्या आधी आवाज येतो. एकाला काय ते करू द्या, बाकीच्यांनी आलेलं गुमान पुढे ढकलायचं."

घरी मात्र सुनावायला कोणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूर राही. रविवारी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात ना?" "जेवलो." एवढ्यावर फोन संपे.

रोज संध्याकाळी काका बायकोचा चार मिनिटांचा व्हिडिओ लावत. फोटो म्हटलं की ती पळायची, त्यामुळे एवढंच काय ते हाती राहिलं होतं. खिडकीशी बसून ती मटार सोलतेय आणि म्हणतेय, "बंद करा तो कॅमेरा. दुसरे उद्योग नाहीत का?" काकांना हल्ली वाटे, तिच्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे. काय, ते सापडत नव्हतं, आणि त्याने जीव नुसता कासावीस होई.

एकदा निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावलं. मुलाने नवी यंत्रं बसवून दिली होती आणि बाईंच्या दिवंगत नवऱ्याची जुनी व्हिडिओ कॅसेट त्यावर लावली होती. बाई म्हणाल्या, "हे आमचे हे नव्हेतच."

काकांनी एकेका डब्यातली चित्र साफ करण्याची सोय बंद केली. पडद्यावर बारीक मुंग्या आल्या, आणि त्यांच्यासोबत हनुवटीवरचा एक जुना व्रणही. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आले," त्या म्हणाल्या.

काका चहाला थांबले नाहीत. त्यांना आठवलं होतं. बायकोच्या भुवईवर कांजिण्यांचा एक छोटासा वण होता. पण डाव्या का उजव्या?

घरी येऊन त्यांनी आपल्या तिन्ही डब्यांमधली ती सोय बंद केली. चेहरा तसाच गुळगुळीत राहिला. मग काकांना उमगलं. हा व्हिडिओ जुन्या कॅसेटवरून कॉपी करताना त्यांनीच साफसफाईचं बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. त्या यंत्राला वण आणि डाग सारखेच. आणि कॉपी झाल्यावर जुनी कॅसेट घरात ठेवू नये, हा गिऱ्हाइकांना दिलेला सल्ला त्यांनी स्वतःही पाळला होता.

रविवार नसताना त्यांनी मुलीला फोन लावला.

"आईच्या भुवईवर वण होता ना गं? कुठल्या?"

"वण? मला नाही आठवत. थांबा, बघून सांगते."

फोनमधून बायकोचा आवाज आला, दुसरे उद्योग नाहीत का. काका कान देऊन ऐकत राहिले.

"नाही बाबा, कुठेच नाही. अगदी स्वच्छ दिसतंय. तुम्हीच दिलेला व्हिडिओ आहे, बघा ना."

"असेल. माझंच काहीतरी चुकलं."

"जेवलात ना?"

"जेवलो," काका म्हणाले.