कमी, पण शून्य नाही

कुठलीही गाडी आली की सोनवणे सर आधी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवत. पत्रा पोळत असे, तरी हात उचलत नसत. मग विद्यार्थ्यांकडे वळून म्हणत, "पेट्रोल टाकं चाकसाठे, आन खाई गया हाऊ पत्रा!" म्हणजे चाकांसाठी टाकलेलं पेट्रोल बरंचसं उष्णता होऊन पत्र्यातच जातं. एरवी वर्गात त्यांची मराठी पुस्तकी असे, रंगात आले की धुळ्याकडची अहिराणी तोंडात येई.

जळगावच्या एका खासगी तंत्रनिकेतनात आम्ही दोघं मोटारगाड्यांचा विषय शिकवत होतो. ते माझ्याहून बरेच मोठे, पण नेमणूक दोघांचीही कंत्राटी, दरवर्षी नव्या पत्राची.

कॉलेजनं इलेक्ट्रिक गाडी घेतली. संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाकडेच त्या गाड्यांची एजन्सी होती. प्रवेशाच्या दिवसांत प्रदर्शन भरवून 'शून्य प्रदूषण' असा फलक लावायचा ठरला.

"मोजलं कोणी?" सरांनी विचारलं. कोणीच मोजलं नव्हतं.

म्हणून भर मे महिन्यात आम्ही जळगावहून जामनेरला जाऊन आलो. एकदा पेट्रोलच्या गाडीनं, एकदा विजेच्या. तीच तीन मुलं, तोच रस्ता, एसी बंद. मुलं घामानं निथळत होती. मी म्हटलं, "एक गाडी मी चालवतो." सर म्हणाले, "नाही भाऊ, एक्सिलरेटरवर पाय एकाचाच पाहिजे." परत आल्यावर त्यांनी टाकी पुन्हा काठोकाठ भरून लिटर मोजले आणि चार्जिंगच्या मीटरवरची युनिटं टिपली.

तिथं ते थांबले नाहीत. "गाडीतून धूर निघत नाही हे खरं. पण हिची वीज दीपनगरला कोळसा जाळून येते. तिथंही बरीच उष्णता वाया जाते. ती धरा. बॅटरी बनवतानाचा धूर धरा." दोन दिवस मुलांकडून गणित करून घेतलं. मोटर इंजिनापेक्षा कितीतरी सरस निघाली. धुराचा हिशेब पार कोळशापर्यंत नेला, तरी विजेची गाडीच जिंकली, पण थोडक्यात. सर मुलांइतकेच खूश झाले. प्रदर्शनाच्या दालनातल्या फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कमी, पण शून्य नाही.'

अध्यक्ष आले. वाचून म्हणाले, "सर, शेवटचे तीन शब्द पुसा."

"साहेब, छतावर सौर पॅनेल लावा. त्यांच्यावर गाडी चार्ज करू. मग मी स्वतः 'अजून कमी' लिहितो. शून्य तरीही नाही."

अध्यक्ष हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही पुसा हो."

माझी कायम नेमणुकीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. मी डस्टर उचललं. सर शांतपणे म्हणाले, "नीट पुसा. अर्धवट राहिलं तर पोरं वाचतील."

पुढच्या वर्षी त्यांना पत्र आलं नाही. मला आलं, विभागप्रमुख म्हणून.

ते धुळ्याला गेले, एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवू लागले. मी एकदा भेटायला गेलो. माफी कशी मागायची, हे रस्ताभर जुळवत होतो. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "उन्हाळ्यात बॅटरी किती उतरते, नोंद ठेवता ना?" मी ठेवली नव्हती. माझी माफी चहाबरोबर घशात गेली.

गेल्या वर्षी हृदयविकारानं सर गेले. कॉलेजनं शोकसभा घेतली. धुळ्याहून त्यांच्या पत्नी आल्या होत्या. अध्यक्षांनी भाषण वाचलं, "सत्याशी कधी तडजोड न करणारा शिक्षक आपण गमावला." गळा दाटून कुठं थांबायचं, हेसुद्धा कागदावर लिहिलेलं होतं.

सभा संपल्यावर वहिनी माझ्यापाशी आल्या. "हाई भाषण कोनी लिखं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी पदर सावरला. "तुमना सर जित्ता व्हतात, तवय तुम्ही का नही बोलनात?"

बाहेर अध्यक्षांनी त्यांना स्टँडवर सोडायला गाडी काढायला सांगितली होती. वहिनी फाटकातून पायीच निघून गेल्या.