न झोपण्याची हमी

थांबासाहेबांनी एकतीस वर्षं लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. प्रत्येक लिफ्टमध्ये तपासणीचं एक कार्ड लावलेलं असतं आणि ते कोणीही वाचत नाही. तरी त्यावर सही करण्याआधी ते स्वतः तीनदा वर-खाली जात, दाराच्या फटीत बोट घालून बघत आणि व्यवस्थापक घाईने पेन पुढे करू लागला की म्हणत, "थांबा." नाव त्यावरूनच पडलं. त्यांनी कधी खोटी सही केली नाही, आणि त्यांना कधी बढती मिळाली नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांनी गवगवा केला नाही. दुसरीचा बायकोने पुरेसा केला.

निवृत्तीनंतर त्यांच्या घशाने असहकार पुकारला. झोप लागली की घसा मिटायचा, श्वास थांबायचा आणि गुदमरून पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टरांनी तारा लावून मोजलं तर तासाला बेचाळीस वेळा. तेव्हापासून उशाशी बुटांच्या खोक्याएवढं सीपॅप यंत्र आलं. त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची. यंत्र मंद दाबाने हवा आत ढकलत राहतं आणि घसा उघडा राहतो. बायको म्हणायची, आता शेजारी माणूस झोपलाय असं वाटतं, आधी करवत झोपायची.

मग साथ आली. थोरली बहीण तेरा तासांच्या विमानप्रवासाच्या पलीकडे राहत होती. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं, त्यामुळे त्रेसष्टाव्या वर्षीही ते तिचे 'छोट्या' होते. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. छोट्या आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, असं तिने सांगितलं होतं. सीमा बंद असल्यामुळे एक तारीख अशीच गेली. आता तिथल्या डॉक्टरांनी शुक्रवार दिला होता, आणि यापुढे तारीख देण्यात अर्थ उरणार नाही असंही सांगितलं होतं. दरम्यान सीमा उघडल्या, लस घेतलेल्यांना प्रवेश मिळू लागला, आणि नवरा-बायको दोघांना बुधवार सकाळची तिकिटं मिळाली.

विमान कंपनीने एक अर्ज पाठवला. सोबत श्वसनाचं उपकरण आहे का? आहे. ते हवा बाहेर टाकतं का? कुठलाही शहाणा माणूस इथे 'नाही' लिहून मोकळा झाला असता. थांबासाहेबांनी लिहिलं: टाकतं, मिनिटाला अंदाजे तीस लिटर, मात्र जंतू अडवणारा फिल्टर बसवून घेतला आहे. सोबत फिल्टरची स्वतः काढलेली आकृती जोडली.

कंपनीने आकृतीबद्दल आभार मानले आणि कळवलं की साथीमुळे यंत्र विमानात नेता येईल, पण वापरता येणार नाही. नेण्यासाठीही डॉक्टरांचं पत्र लागेल. डॉक्टरांनी पत्र दिलं की या रुग्णाला झोपेत यंत्र आवश्यक आहे. त्यावर कंपनीने लिहिलं की यंत्र आवश्यक असेल तर यंत्राविना प्रवास धोक्याचा आहे, सबब हा प्रवासी प्रवासास अयोग्य ठरू शकतो. म्हणजे पत्र नसेल तर यंत्र जाणार नाही आणि पत्र असेल तर माणूस जाणार नाही. हे सगळं इतक्या नम्र भाषेत होतं की वाचणाऱ्याला आपणच उद्धट वाटावं.

बुधवारी काउंटरवरच्या मुलीने पत्र वाचलं, अर्ज वाचला, आणि तिला खरोखर वाईट वाटलं.

"काका, खरं कशाला लिहिलंत?"

विचारलं होतं म्हणून लिहिलं, हे उत्तर त्या जागी वेडगळ वाटलं असतं.

तिने आपल्या साहेबांना बोलावलं. थांबासाहेबांनी त्यांना फिल्टर काढून दाखवला, परत लावून दाखवला. साहेबांनी नाही म्हटलं. मग ते लेखी द्या, असं थांबासाहेब म्हणाले. लेखी देण्याचा अधिकार साहेबांना नव्हता. लेखी घेण्याचा मात्र होता. आतून एक टाइप केलेला कागद आला: 'मी संपूर्ण प्रवासात झोपणार नाही. झोपल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी माझी राहील.' बायको म्हणाली, मारा सही आणि चला, विमानात कोण बघतंय? थांबासाहेबांनी कागद तीनदा वाचला. मग सही केली. आणि ती पाळायचं ठरवलं. कंपनीला असं काही अपेक्षित नसावं.

पहाटे दोनपासून ते जागे होते. विमान उडालं, तासाभरात जेवण आलं, आणि मास्क काढायला परवानगी मिळाल्याने तीनशे तोंडं एकाच वेळी उघडी पडली. जेवणाच्या वेळी विषाणू सुट्टीवर असतो, अशी कंपनीची माहिती असावी. पलीकडच्या रांगेतला एक गृहस्थ जेवून, मास्क हनुवटीला टांगून, तोंड उघडं टाकून घोरू लागला. त्याच्याकडे पत्र नव्हतं, फिल्टर नव्हता, त्याने काही लिहून दिलं नव्हतं. तो प्रवासास योग्य होता.

नवऱ्याला जागं ठेवण्याचं काम बायकोकडे होतं. तिने संसारातल्या तक्रारी सुरुवातीपासून काढल्या. पहिल्याच सहलीत हॉटेलच्या लिफ्टचा आवाज बरोबर नाही म्हणून ह्यांनी तिला सात मजले चढायला लावले होते. साडेतीन तास ते "हो" म्हणत राहिले, पुढचे दोन तास "बरोबर आहे" म्हणत राहिले. मग उभे राहिले, चकरा मारल्या, तोंडावर पाणी मारलं. नवव्या तासाला, तिने मेहुण्याच्या वागण्याचा विषय काढला असताना, त्यांची मान पुढे कलली. घोरणं सुरू झालं आणि थांबलं. तिने मनात आकडे मोजले. एकोणीसला ते गुदमरून दचकले आणि न उठताच पुन्हा बुडाले. पुढच्या वेळी सव्विसापर्यंत गेलं. ओठ निळसर दिसले.

तिने पायाखालचं यंत्र काढलं, मास्क बांधला, बटण दाबलं. बॅटरी तिने घरूनच भरून आणली होती. नवऱ्याच्या सहीवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढाच कंपनीच्या शहाणपणावर अविश्वास होता.

विमानातल्या कर्मचाऱ्यांचा प्रमुख हमीपत्र घेऊन आलाच. ही सही ह्यांची आहे ना, त्याने विचारलं.

"त्यांचीच आहे. ते झोपलेत. उठले की विचारा."

यंत्र ताबडतोब बंद करा, असं तो म्हणाला.

"तुम्हीच करा बंद. मी मोजत बसते श्वास किती वेळ थांबतो ते. तुमचं नाव काय लिहू?"

तो कागद घेऊन परत गेला. त्याने त्यांच्या नावावर नियमभंगाची नोंद केली आणि उतरताना तिची प्रत दिली, तीही आभारांसकट.

शुक्रवारी सकाळी इस्पितळात ताईला आत नेण्यापूर्वी दहा मिनिटं भेट मिळाली. तिने भावाचा चेहरा पाहिला आणि विमानात झोप झाली का, विचारलं. थांबासाहेबांनी मान खाली घातली. चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "झोपलो, ताई. चार तास. मी लिहून दिलं होतं, झोपणार नाही म्हणून."

ज्यांनी श्वास घेऊ दिला नाही ते आपापल्या घरी निवांत होते, आणि लाज वाटत होती ती ह्यांना.

"छोट्या, तसलं पुन्हा कुणाला लिहून देऊ नकोस," ताई म्हणाली. "आता जाते मी." आणि परिचारिकेला म्हणाली, "चला."