गुढीवरचा डिंक

पाडव्यासाठी बालीगंजच्या बाजारातून आणलेल्या कडुनिंबाच्या डहाळीवर आज एक गोळा दिसला आणि लहानपणीच्या ओव्याची चव एकदम जिभेवर आली.

त्या वर्षी बाबांची बँकेतून कोलकात्याला नुकतीच बदली झाली होती. तेव्हाच्या डहाळीवर असे दोन गोळे होते. "अगंबाई, डिंक! चांगला पौष्टिक असतो," म्हणत आईने एक खुडून घेतला आणि दुसऱ्यासकट डहाळी गुढीला बांधली.

डिंक चकचकीत असतो, उजेडात आरपार दिसतो. हा गोळा मातकट, वाळलेल्या फेसासारखा हलका, अंगावर आडव्या वळ्या आणि मधोमध उभी पट्टी. पण तेव्हा इतकं कोण निरखून बघतंय!

संध्याकाळी गुढी उतरवताना आई किंचाळली. त्या पट्टीतून इवलेइवले पिवळसर जीव धाग्यांना लोंबकळत बाहेर पडत होते आणि जरीच्या खणावर पसरत होते. पुढचे पाय नमस्कारासारखे जोडलेले.

"ही तर खंडोबाच्या किड्याची, प्रार्थना कीटकाची पिल्लं! डिंक कसला, अंड्यांचा कोश होता तो!" बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दुसरा गोळा कुठाय?"

आईने खलबत्त्याकडे पाहिलं. पाला, गूळ, ओव्याबरोबर तिने तो सकाळीच कुटला होता. प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता, शिवाय खालच्या मजल्यावरही वाटीभर पाठवला होता.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या बंगाली काकीमा रिकामी वाटी घेऊन दारात हसत उभ्या होत्या.

"दीदी, सुबहवाला वो नीमपाता थोड़ा और है?"