निळी नळी

नागोजी निपाणीच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई. बायकोला, तानुबाईला, मधुमेह निघाला तेव्हा तो विज्ञानाच्या सरांकडून लघवी तपासायला शिकला. रोज सकाळी निळ्या औषधात आठ थेंब टाकून काचेची नळी दिव्यावर धरायची. विटकरी झाली तर साखर, निळी राहिली तर सुटलो. नऊ वर्षं त्याने बायकोला गुळाच्या खड्याला हात लावू दिला नाही. सणाला सगळ्यांना पोळी, तिला भाकरी. गडी मोठा कडक. ती त्याला 'हेडमास्तर' म्हणून चिडवायची आणि ऐकायचीही. नळी निळी निघाली की हा दिवसभर शाळेत मिरवायचा.

१९८१ साली तिने कारखान्यासाठी वळलेल्या बिड्या सैल यायला लागल्या. तिथला माल तपासणारा चेकर मूठ-मूठ परत टाकू लागला. मग अंगठ्याजवळचं मांस बसलं, कप हातातून निसटू लागला. शेजारीण म्हणाली, "साखर हाताच्या शिरा खाती." नागोजीने नळी पुन्हा धरून पाहिली. नळी तर निळीच होती. आपण चुकलो कुठं?

बेळगावच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचली.

"कळतंय?"

"व्हय की. लई टोचतंय."

तळपायालाही कळलं. नागोजी मनातून सुखावला. बधिरपणा नाही, म्हणजे साखरेने हात खाल्ला नाही. डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली. ती बारीक थरथरत होती.

मग नागोजीला त्यांनी बाहेर नेलं आणि सांगितलं. साखरेने शिरा गेल्या असत्या तर टोचलेलं इतकं कळलं नसतं. हा स्नायू हलवणाऱ्या नसांचा रोग. हात जातील, पुढे बोलणं, गिळणं. औषध नाही.

"साखरेनंच झालं न्हवं, सायेब?"

"तसं सांगता येत नाही. या दोन रोगांचं काही नातं आहे का, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. तुमचं काही चुकलं नाही. आवडेल ते खाऊ द्या त्यांना."

चूक निघाली असती तर नागोजीने ती सुधारली असती. आता करायला काहीच उरलं नव्हतं, आणि हेच त्याला सोसेना.

दुसऱ्या सकाळी त्याने दिवा पेटवला नाही. चहात गूळ घातला आणि कप स्वतः तिच्या ओठांना लावला. पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला, चहा नाकातून आला, लुगडं भिजलं.

"ग्वाड हाय," श्वास सापडल्यावर ती म्हणाली. "पर पातळ काय उतरंना झालंय."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं. तुमी नळी बघून एवढं खूश हुता. कसं सांगू?"